खोलीला घर म्हणत नाहीत

सरावलीत माझ्या खोल्या आहेत, आणि सरावलीतल्या लोकांना घराची गरज आहे की नाही हे विचारायला मीच गेलो होतो. यातलं पहिलं खूप जणांना माहीत आहे. दुसरंही काहींना माहीत आहे. दोन्ही एकत्र करून मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आणि विचारताना मी काय केलं, ते तर माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही.

मी मुळात कमी बोलणारा. पाहुणे आले की बायको सांगते, "हे ऐकतात सगळं, बोलत नाहीत." लोक तो माझा गुण समजतात. गप्प माणसाच्या पोटात काय काय साठून राहतं याची त्यांना कल्पना नसते.

आमचं मूळ केळव्याचं. नारळ-सुपारीची वाडी, कडेला पानवेली. बोईसरच्या बाजूला कारखाने वाढले तेव्हा वडिलांनी वाडीचा एक तुकडा विकून सरावलीत जागा घेतली आणि खोल्यांची एक ओळ बांधली. वर पत्रे, पुढे लांब ओटा, एका टोकाला नळ, दुसऱ्या टोकाला संडास. वडिलांनी नियमही घालून दिला होता. खोलीत नवरा, बायको आणि त्यांची मुलं. जादा माणूस चालणार नाही. हा 'जादा माणूस' सरावलीतल्या सगळ्याच खोलीमालकांच्या तोंडचा शब्द. कारण पाण्याचं आणि संडासाचं सांगायचं, आणि ते खोटंही नव्हतं. वडील गेले, खोल्या माझ्याकडे आल्या, नियमही आला. मी तो तपासून पाहिला नाही. वडिलांचं घड्याळ हातात घालावं तसा घातला.

मी स्वतः पालघरला फ्लॅटमध्ये राहतो. नकाशे काढणं, जागेची मोजणी, पाहणी अशी कामं करतो. जिल्हा झाल्यावर पालघरला आणि बोईसरला भराभर इमारती उठल्या. संध्याकाळी रस्त्यावरून वर पाहिलं तर निम्म्या खिडक्यांत अंधार असायचा. घेऊन ठेवलेली घरं. आणि सरावलीत एकाच गादीवर दिवसपाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा झोपायचा. कोणाला किती घरं हवीत आणि कोणाला कसली परवडतील याची पाहणी करायचं ठरलं, आणि ते काम एका खासगी संस्थेला मिळालं. तिथल्या साहेबांनी मला विचारलं, सरावलीचा भाग तुम्हाला माहितीचा आहे ना? मी म्हटलं, आहे. तिथे माझ्या खोल्या आहेत, हे सांगायला ती जागा बरोबर होती. मी सांगितलं नाही.

विचारायचा मुख्य प्रश्न लांबलचक होता. आपल्या अथवा आपल्या कुटुंबातील कोणाच्याही नावे देशात कोठेही स्वतःच्या मालकीचे पक्के घर आहे काय? हातात बादली घेऊन पाण्याच्या रांगेत उभा असलेला माणूस एवढं ऐकून घेत नाही. पहिल्याच सकाळी मी तो प्रश्न छाटला. दारात उभा राहून विचारू लागलो, "घर हाय का?"

लोक म्हणत, "हाय."

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळं या दोन शब्दांत आहे. आमच्याकडे खोलीला कोणी घर म्हणत नाही. सुट्टी झाली की बोईसरचा कामगार 'रूमवर जातो'. उत्तरेकडून आलेला म्हणतो, रूम पे जा रहा हूँ. जव्हार-विक्रमगडकडून आलेली बाई म्हणते, खोलीवर जातू. घर म्हणजे गावाला असतं ते. पडकं असेल, कुडाचं असेल, भावांत वाटलेलं असेल, पण जिथे आपले देव आहेत आणि जिथे मेलेल्या माणसांची आठवण काढतात, ते घर. दिवेलागणीला दारात उभं राहून 'घर नाय' असं कोण म्हणेल? घर नसलेली बाई म्हणजे टाकलेली बाई. घर नसलेला पुरुष म्हणजे ज्याच्या मयताला कोणी येणार नाही असा. छपराखाली दहा ठिकाणी भांडी ठेवणारा माणूसही 'हाय' म्हणतो, आणि मान वर करून म्हणतो.

हे मला ठाऊक होतं. परक्या शहरातून आलेल्या कोणी हा घोटाळा केला असता तर ती चूक ठरली असती. मी इथलाच. मी 'पक्के' हा शब्द गाळला, 'मालकीचे' हा शब्द गाळला, आणि आलेला होकार मूळ प्रश्नाचा होकार म्हणून लिहिला.

माझ्या स्वतःच्या खोल्यांच्या ओळीवरही मीच गेलो. तिथे मधल्या एका खोलीत डोंगराकडचं एक कुटुंब बरीच वर्षं राहत होतं. बाई औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला, नवरा हमाली करणारा, दोन मुली. या बाईबद्दल मला लिहायचं आहे.

तिच्या बहिणीच्या लग्नाला मी तिच्या गावी जाऊन आलो होतो. मालकाला बोलवायची रीत म्हणून तिने बोलावलं, आणि नाही म्हणायचं सुचलं नाही म्हणून मी गेलो. घर पाहिलं होतं. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, एका बाजूला खचलेलं छप्पर. बहीण लग्न होऊन जाणार म्हणजे त्या घरात तिची आई एकटी उरणार होती. म्हातारीने मला उडदाचं वरण आणि नागलीची भाकर वाढली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "शेठ, पोरीला खोली दिलीस, मला कवा देशील?" त्या बाजूची म्हातारी माणसं कोणालाच अहोजाहो करत नाहीत. सगळे हसले. मीही हसलो. परतताना बाईने हळूच विचारलं, आईला खोलीवर आणू का? मी म्हटलं, बघू. 'बघू' म्हणजे नाही, हे भाडेकरूला शिकवावं लागत नाही. तिने पुन्हा विचारलं नाही.

तर पाहणीच्या दिवशी मी तिच्या दारात उभा राहिलो आणि तिलाही तेच विचारलं. घर हाय का?

तिला हसू आलं. "तुमीच तं जेवून आलता शेठ. हाय ना घर." मग तिने विचारलं, हे कशाला लिहून घेता? मी सांगितलं, ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी घरं बांधायचा विचार चाललाय. ओढ्याच्या कडेला ताडपत्री टाकून काही कुटुंबं राहायची, तिकडे तिने हनुवटी केली.

"मग त्यांना लिवा. आमाला नको. आमचं हाय."

माझा हात थांबला, असं लिहिलं तर बरं दिसेल. थांबला नाही. मी 'होय' लिहिलं आणि पुढच्या दाराशी गेलो. ऊन होतं, संध्याकाळच्या आत ओळ संपवायची होती, ही कारणं मी स्वतःला अनेक वर्षं देत आलो. खरं कारण वेगळं आहे. सरकारी घरं झाली तर खोल्या रिकाम्या पडतील, हे मी त्या दिवशी मनात मुद्दाम आणलं नव्हतं. आणायची गरजच नव्हती. ते आधीपासून बसलेलं होतं, आणि माझ्या हातून लिहीत होतं.

पाहणीचा निष्कर्ष आला तो असा, की सरावलीच्या बाजूला बहुतेक कुटुंबांकडे स्वतःचं घर आहे, तेव्हा तिकडे घरांची निकड नाही. पालघरला बैठक झाली. साहेब खूश होते, काम वेळेत झालं होतं. कोणीतरी म्हणालंसुद्धा की एवढ्या दाटीत राहतात तरी घरं आहेत म्हणजे कमाल आहे. मी चहा पीत बसलो होतो. घरांसाठी धरलेली जागा तशीच राहिली, तिच्यावर गवत वाढलं, पुढे लोकांनी तिथे गाड्या लावायला सुरुवात केली.

बाई माझ्या खोलीतच राहिली. दर पावसाळ्याच्या आधी ती कामावर खाडे करून गावी जायची, छपराची डागडुजी करायची, आईजवळ चार दिवस राहायची आणि परत यायची. मोठी मुलगी शाळेत हुशार होती. धाकटी आजीकडे जायचं म्हणून रडायची. मी ओट्यावर उभा राहून भाडं घेत असताना हे सगळं कानावर पडायचं. मी ऐकतो सगळं, बोलत नाही.

मग एके दिवशी आमच्या इमारतीत शेजारी नवं बिऱ्हाड आलं. त्या गृहस्थांनी जिन्यात सहज विचारलं, तुमचं घर कुठलं? मी म्हटलं, केळवं. दार उघडं होतं. आतून बायकोचा आवाज आला.

"केळव्याला घर, तर मग इथे मी काय धर्मशाळा चालवते?"

शेजारी हसत आपल्या दाराकडे वळले. मी आत आलो. ती भाजी निवडत होती, चिडलेली नव्हती, पण तिने सोडलंही नाही. केळव्याच्या घरात आता तुमची एक खाट तरी आहे का, म्हणाली. पुतण्याने तुमच्या खोलीत पर्यटकांसाठी पलंग टाकलेत. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं झोपतात तिथे. इतकी वर्षं या फ्लॅटमध्ये काढलीत, आजारपणं काढलीत, आणि कोणी विचारलं की केळवं.

"अगं, तसं म्हणायची पद्धत असते," मी म्हणालो.

"पद्धत असते ते मला माहीत आहे. मला राग पद्धतीचा नाही. तुम्ही कोणत्या घराला घर म्हणता आणि कुठे राहता, हे तुम्हाला एकदा तरी वेगळं दिसू दे."

ती सहज बोलून गेली. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मला ते वेगळं दिसत होतं, तिला वाटलं त्याच्याही आधीपासून. मी स्वतः ज्या अर्थाने 'घर केळव्याला' म्हणतो त्याच अर्थाने त्या सगळ्यांनी 'हाय' म्हटलं होतं, आणि तो अर्थ मला परका होता असं म्हणायची सोय आता उरली नव्हती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पुन्हा पाहणी निघाली. संस्था दुसरी होती, पण माझं नाव जुन्या ओळखीतून गेलं होतं. त्यांच्या ऑफिसात एक बाई सगळं बघत होत्या, माझ्याच वयाच्या, दातिवऱ्याच्या, बोलायला सडेतोड. मी बसायच्या आधी सांगितलं, "सरावलीत माझ्या खोल्या आहेत."

त्या म्हणाल्या, "मग?"

"मग माझी ओळ दुसऱ्या कोणी तरी विचारावी."

"मीच विचारीन," त्या म्हणाल्या. "आणखी काही?"

आणखी खूप होतं. मी तेवढंच सांगितलं जेवढं कामाचं होतं; पहिल्या पाहणीत सरावलीत मीच विचारत फिरलो होतो, हे नाही. म्हटलं, 'घर आहे का' हा प्रश्न आपल्याकडे विचारायचाच नाही. त्याला माणूस होच म्हणणार. गावच्या घराची भिंत कसली, छप्पर कसलं, ते विचारा. इथली खोली कोणाची ते विचारा. त्यांना पटलं. त्यांच्या गावी मच्छीमारांची पोरं बोटीवर महिनोन्महिने असली तरी घर विचारलं की दातिवरेच सांगतात, असं त्या म्हणाल्या. मग आम्ही दोघं कितीतरी वेळ बसलो. माणसाला घर किती हवं आहे हे कसं ओळखायचं? पगारावरून कळत नाही. खोलीच्या लांबी-रुंदीवरून थोडं कळतं. शेवटी त्याच म्हणाल्या की आमच्या आत्याला विचारलं असतं तर तिने एकच गोष्ट सांगितली असती, की मुलगा बोईसरला आहे आणि मी इथे. त्यातून प्रश्न निघाला, आणि तो मी लिहिला. या खोलीत कोण असायला हवं होतं, पण नाही?

बोलताना तो पुन्हा छाटला गेलाच. दारोदार तो झाला, "कोण यायचं राहिलंय?"

या प्रश्नाला कोणी मान वर करून उत्तर देत नव्हतं. पण देत मात्र होते, आणि न थांबता. मी गेलो त्या ओळीत एक वेल्डर राहायचा, बिहारकडचा, चार जणांबरोबर. आधी गावच्या घराचं विचारलं तेव्हा तो ऐटीत म्हणाला, घर तो है, बड़ा आँगन है. मग हा प्रश्न विचारला तेव्हा म्हणाला, "औरत है, बच्चा है. रूम पे किधर रखूँ, साहब? ये चारों को बाहर निकालूँ?" ते चौघेही हसले, आणि मग एकेकाने आपापलं सांगितलं. कोणाचे वडील, कोणाची दोन मुलं, कोणाची लग्न ठरलेली बायको. सरावलीत जेवढी माणसं दिसतात त्यांच्याएवढीच न आलेली आहेत, हे मला तोवर कधी दिसलं नव्हतं. आमच्या जादा माणसांची ती गर्दी होती.

माझ्या ओळीचं दातिवऱ्याच्या बाईंनी नंतर सांगितलं. मधल्या खोलीतल्या बाईने सुरुवात तशीच केली होती. घर हाय, आमचं लिवू नका, ओढ्यावरच्यांना लिवा. यांनी ते ऐकून घेतलं आणि मग पुढचा प्रश्न विचारला. ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, आई. एवढंच. मग आत जाऊन तिने पाणी आणून दिलं.

मी दुसऱ्या दिवशी सरावलीत गेलो. भाड्याचा दिवस नव्हता, त्यामुळे मला पाहून ओट्यावरच्या बायका जरा सावध झाल्या. मी तिला सांगितलं, आईला घेऊन ये.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "भाडं वाढवणार काय?"

"नाही."

"मग काय झालं शेठ? लॉटरी लागली?"

मी म्हटलं, काही नाही, नियम जुना झाला. ओळीतल्या सगळ्यांनाच तसं सांगितलं. पाण्याची टाकी मोठी केली, आणखी एक संडास बांधून घेतला. इतकी वर्षं ज्याला आम्ही अशक्य म्हणत होतो ते गवंड्याचं थोडंसं काम होतं. पलीकडच्या ओळीचा मालक मला नाक्यावर गाठून म्हणाला, समाजसेवक झालास काय, उद्या आमचे भाडेकरू सासऱ्यांना आणतील. मी म्हटलं, आणू देत. बोलणं कमी असलं की भांडणही लवकर संपतं.

म्हातारी आली ती गाठोडं आणि एक कोंबडी घेऊन. ओट्यावर बसता बसता तिने जाहीर केलं, "आले मी, जादा माणूस." तिला आता कमी दिसतं, पण ऐकू सगळं येतं, आणि दिवसभर ती ओळीतल्या प्रत्येकाची खबर ठेवते. वेल्डरच्या ओळीत नवं बाळ आलंय हे मला तिच्याकडूनच कळलं. धाकटी नात तिच्या मांडीवर डोकं ठेवून अभ्यास करते. म्हणजे करते असं म्हणते.

पाहणीच्या बैठकीत 'न आलेली माणसं' म्हणजे काय भानगड, असं एका अधिकाऱ्याने विचारलं. दातिवऱ्याच्या बाईंनी मला बोलायला लावलं. मी उभा राहून बोललो, माझ्या मानाने बरंच. आधीच्या पाहणीत सरावलीची गरज कमी का दिसली तेही सांगितलं. प्रश्न चुकीचा विचारला गेला होता, असं म्हणालो. कोणी विचारला, ते म्हणालो नाही. तरी काम पुढे सरकलं. गाड्या लावायच्या त्या जागेला कुंपण पडलं, आणि आता पाया भरून जोतं वर आलं आहे. पहिल्या यादीत बाईचं नाव आहे. सोडतीत निघेल का, हप्ता झेपेल का, हे अजून ठरायचं आहे, पण यादीत नाव आहे, आणि तिच्या नावापुढे राहणाऱ्यांत आईही धरलेली आहे.

रविवारी ती आईला हाताला धरून जोतं बघायला नेते. मी एकदा तिथून जाताना दोघी दिसल्या. म्हातारी सळयांना हात लावून बघत होती. लेकीला विचारत होती, वरच्या माळ्यावर घर भेटलं तर चूल कुठं पेटवायची, आणि कोंबडी जिना चढेल काय. बाई इतकी हसली की तिला बसावं लागलं. मला पाहून ती उठली आणि आईला म्हणाली, "ह्ये शेठ. ह्यांनीच नाव लावलं आपलं. ह्यांच्यामुळं."

म्हातारीने माझा हात शोधून धरला. "बरं केलंस रे बाबा," म्हणाली.

मी काही बोललो नाही. नेहमीप्रमाणे.

हे इथे लिहिणं मला जमलं, कारण ती बाई मराठी बोलते पण वाचत नाही, आणि वाचायला लागली तरी हे तिच्या हाती पडणार नाही, हा हिशेब मी लिहायला बसताना केला होता. तोही सांगून टाकतो. तिची मोठी मुलगी मात्र वाचते. आज ना उद्या मुलीकडून कळण्यापेक्षा ते माझ्याकडून कळायला हवं, आणि जोतं वर येतंय, घर उभं राहतंय अशा दिवसांत सांगणं, खोली जाईल या भीतीशिवाय तिला माझा राग करता येईल तेव्हा सांगणं, बहुधा बरं.

पहिल्या खेपेला तिचं नाव मी लावलं नाही. तिच्या आईचं घर मी पाहिलं होतं, तिथे जेवलो होतो, आणि तरी 'होय' लिहिलं. तिची आई इतकी वर्षं एकटी राहिली ती माझ्या नियमाने आणि माझ्या त्या एका शब्दाने. हे मला तिला आणि तिच्या आईला समोर बसून सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.